अब्राहामाची साक्ष
केवळ श्रद्धेने मनुष्य ईश्वरापुढे नीतिमान ठरतो, असे रोमकरांस लिहिताना पौलाने अब्राहामाचा जो दाखला दिला, तोच याकोबाने कृतीवाचून श्रद्धा निर्जीव होय हे सिद्ध करण्यासाठी पुढे करावा, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते; परंतु पौलाची दृष्टी ईश्वराच्या वचनावर विसंबलेल्या निःसंतान वृद्धावर आहे, तर याकोबाची, इसहाकास वेदीवर ठेवणाऱ्या पित्यावर, आणि या दोन प्रसंगांमध्ये कितीतरी वर्षे लोटली आहेत. क्षमापत्रांच्या बाजाराने उद्विग्न झालेल्या मार्टिन ल्यूथरने १५२२ मध्ये याकोबाच्या पत्राला कमी लेखले. त्याचा संताप समजण्याजोगा असला, तरी हा फैसला मला एकतर्फी वाटतो. १९९९ साली ऑग्सबुर्ग येथे ल्यूथरन व कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या करून, नीतिमत्त्व ही कृपेची देणगी आणि सत्कर्मे तिची फळे, असे मान्य केले, तेव्हा जुन्या तकरारीतील मुख्य बाब निकालात निघाली. बाकीच्या काही अद्याप प्रलंबित आहेत.