घट्ट बसलेलें झाकण

वचनाधार : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १६



काचेच्या बरणीचें झाकण घट्ट बसलें म्हणजे घरांत काय होतें, हें सर्वांस ठाऊक आहे. प्रथम घरधनीण जोर करिते, मग मुलगा, मग धनी दांतओठ खाऊन तें पिळतो. शेवटीं कोणी तरी बत्ता घेऊन येतो. बत्त्यानें झाकण निघतें खरें, परंतु काचेच्या कांठाचा टवका उडून आंत पडतो. मुरांब्यांत गेलेला काचेचा कण शोधून काढितां येत नाहीं. म्हणून वर्षाचा मुरांबा उकिरड्यावर टाकावा लागतो. बरणी उघडली, पण कोणाच्या मुखीं घास लागला नाहीं. ह्या लहानशा गोष्टींत आम्हां सर्वांस, विशेषेंकरून घरोघर जाणाऱ्या उपदेशक बंधूंस, मोठा बोध आहे.

पहिली गोष्ट ही कीं, झाकणाचें घट्ट असणें हा बरणीचा दोष नव्हे. आमच्या पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व १९५५ पासून तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. पेनिसिलिनच्या कुपीस रबरी बूच व वर धातूची टोपी असते. तें बूच सैल असेल तर जंतु आंत शिरतील व औषधच रोग्यास बाधेल. मुरांब्याच्या बरणीचेंहि तसेंच आहे. झाकण आपोआप फुगून वर आलें असेल तर आंतील पदार्थ नासला असें समजावें. तो चाखूनहि पाहूं नये. घट्ट झाकणाखालीं बहुधा जतन केलेला ठेवा असतो. ह्यास्तव जो मनुष्य आपणांशीं बोलत नाहीं त्यास पाषाणहृदयी म्हणण्याची घाई करूं नये. त्यानें आंत एखादें दुःख किंवा एखादी लाज झांकून ठेविली असेल.

दुसरी गोष्ट, झाकणास धरून कोण ठेवितें? पदार्थ ऊन असतां बरणी बंद केली म्हणजे पुढें निवतांना आंतील वाफेचें पाणी होतें व हवा विरळ होते. बाहेरील हवा मात्र दर चौरस सेंटिमीटरावर सुमारें १ किलोग्रॅम भारानें दाबीत असते. झाकण ७ सेंटिमीटर रुंद असेल व आंतील दाब निम्मा झाला असेल, तर त्यावर सुमारें १९ किलोग्रॅमांचा भार बसतो. सतराव्या शतकांत जर्मनींतील ओटो फॉन गेरिके ह्यांनीं धातूचे दोन अर्धगोल जोडून त्यांतील हवा काढिली. दोहों बाजूंस घोडे जुंपले तरी ते अर्धगोल सहज सुटले नाहींत. परंतु तोटी उघडून आंत हवा सोडितांच ते आपोआप वेगळे झाले. आमच्या घरांतहि चमच्याचा कांठ झाकणाखालीं हलकेच सारिला व ‘टक्’ असा आवाज झाला, कीं तेंच झाकण पोर देखील फिरवितें.

पिंपरी, चिंचवड, चाकण ह्या भागांत कारखान्यांसाठीं जमिनी गेल्या, मोबदला आला, आणि कित्येक घरांत भावानें भावाशीं अबोला धरिला. त्यांतील एक उपासनेस येईनासा होतो. मग पांच वडील मंडळी मिळून त्याच्या दारीं जातात व त्यास क्षमेवर उपदेश करितात. आंत रितेपण आणि बाहेरून सर्वांचा भार! झाकण अधिकच घट्ट बसतें. अशा ठिकाणीं एकट्यानें जावें. भांडणाचा विषय काढूं नये. मुलाचा ताप उतरला काय, हें विचारावें. तो सांगेल तें ऐकावें व उठून यावें. एवढी हवा आंत गेली तरी त्या दिवसाचें काम झालें.

तिसरी गोष्ट, केव्हां केव्हां कांठावर सांडलेला पाक सुकून झाकण चिकटतें. तेव्हां झाकणास कोमट पाण्याचा शेक द्यावा. पाक विरघळतो, आणि धातु काचेपेक्षां अधिक प्रसरण पावत असल्यानें झाकण सैल होतें. परंतु थंड काचेवर कढत पाणी ओतलें तर ती तडकते. तळेगाव दाभाडे येथें १९०८ सालीं पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. काचेच्या धंद्यांत भांडें घडविल्यावर तें भट्टींत हळूहळू निववावें लागतें. नाहीं तर आंत ताण राहून तें पुढें फुटतें. जी वस्तु सावकाश घडली तिला ऊबहि सावकाशच द्यावी. आणि सांडलेला पाक त्याच दिवशीं पुसला असता तर शेकाची गरजच पडली नसती. कठोर शब्दाचेंहि असेंच आहे. शिवाय आपला हात तेलकट असेल तर तो निसटतो. ज्या उपदेशकानें एका भावाच्या ओसरीवर बसून दुसऱ्याची निंदा ऐकून घेतली, त्यानें आधीं आपला हात पुसावा.

आतां आमचा अध्याय पाहा. फिलिप्पै नगरीबाहेर नदीकांठीं पौल बोलत होता व लुदिया ऐकत होती. तिचें अंतःकरण प्रभूनें उघडलें. पौलानें केवळ सांगितलें. त्याच नगरींत पुढें भूमिकंप होऊन तुरुंगाचीं सर्व दारें एकदम उघडलीं. परंतु त्या धक्क्यानें बंदिशाळेच्या नायकाचें मन उघडलें नाहीं. तो तर तरवार उपसून आपला जीव घ्यावयास निघाला. आम्ही सर्व येथेंच आहों, अशी पौलाची हांक ऐकल्यावर तो दिवा घेऊन आंत धांवला. दारें हादऱ्यानें उघडलीं, मनुष्य हांकेनें उघडला.

तर बंधूंनो, येत्या प्रभुभोजनाच्या आधीं आपल्या मंडळींतील एका बंद घरीं जा. हात पुसून जा, ऊब घेऊन जा, आणि बत्ता घरीं ठेवा. उघडणारा प्रभु आहे. बरणी न फोडणें एवढें मात्र आमच्याकडे आहे.