ठसा, नोंद आणि माणूस

मावळातल्या कोणत्याही जुन्या खरेदीखताचे शेवटचे पान पाहावे. लिहून देणाऱ्याच्या नावाशेजारी शाईचा अंडाकृती डाग असतो आणि त्याला लागून दस्तलेखकाच्या अक्षरात ‘निशाणी डावा अंगठा’ असे लिहिलेले असते. खाली साक्षीदारांच्या सह्या, तारीख, आणि मजकूर वाचून दाखवला व तो मान्य आहे असा शेरा. नुसत्या डागावर तो कागद उभा नव्हता. अंगठा कोणाचा, कोणासमोर उठवला, कशासाठी उठवला, हे इतरांनी आपली नावे घालून सांगितलेले असे. ठसा वेगळा आणि ठशाबद्दलचे विधान वेगळे, हे त्या कागदावर डोळ्यांना दिसे. शिवाय विधानाची जबाबदारी कोणाची, तेही कळे.

बोटांच्या ठशांची माहिती संगणकात कशी मांडावी, या प्रश्नाचा विचार मला इथूनच सुरू करावासा वाटतो. औपचारिक ऑन्टॉलॉजी म्हणून जी शाखा आहे, तिचे काम हेच आहे. जगात कोणत्या जातीच्या गोष्टी आहेत आणि त्यांचे परस्परांशी नाते काय, हे यंत्राला तर्क चालवता येईल इतक्या काटेकोरपणे लिहून ठेवणे. अशा मांडणीचा एक सर्वसाधारण पाया, बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजी, २०२१ साली आयएसओचे मानक म्हणून प्रसिद्ध झाला. त्याची पहिली शिस्त अशी की खरी वस्तू, तिचा गुण, तिच्याविषयीची माहिती आणि घडलेली क्रिया यांची सरमिसळ करायची नाही.

ही शिस्त लावली की ‘ठसा’ या एका शब्दामागे कितीतरी गोष्टी निघतात. पहिले म्हणजे बोट. मग त्याच्यावरच्या रेषांची ठेवण. ती गर्भातच पक्की होते आणि तिचा मूळ आराखडा त्वचेच्या आतल्या थरात असतो. मग कागदावर किंवा काचेवर उमटलेला ठसा, आणि मग त्याचे यंत्राने घेतलेले चित्र. त्या चित्रातून रेघ कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, एवढे बिंदू निवडले जातात आणि प्रत्येकाची जागा व दिशा आकड्यांत लिहिली जाते. हे आकडे साठवलेल्या आकड्यांशी ताडून पाहिले जातात, त्यातून एक गुणांक निघतो, आणि ठरवून दिलेल्या मर्यादेच्या तो वर की खाली यावरून ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येते. बोट हाडामांसाचे आहे. उत्तर मात्र दोन नोंदींच्या तुलनेबद्दलचे आहे.

आषाढात आंदर, नाणे आणि पवन या तिन्ही मावळांत भाताची लावणी चालते. राबातली रोपे उपटून मुठी बांधायच्या आणि दिवसभर चिखलात वाकून लावायच्या. बोटांची वरची त्वचा पाण्याने सुरकुतते, झिजते, तिला चिरा पडतात. अशा हाताने रास्त भाव दुकानात ई-पॉस मशीनवर बोट टेकवले की कधी कधी दुकानदार सांगतो, ‘थम लागत नाही.’ आधारच्या यंत्रणेत या प्रसंगाला ३०० हा क्रमांक आहे: बायोमेट्रिक माहिती जुळली नाही. नोंद तेवढेच म्हणते. पण दुकानाच्या खिडकीत तिचा अर्थ होतो ‘ही बाई ती नव्हे’, आणि माणशी पाच किलो धान्य अडते. वास्तविक आतल्या थरातला आराखडा जागेवर असतो. हाताला थोडी उसंत मिळाली की तीच रेघ पुन्हा वर येते.

आपल्या नैयायिकांनी या चुकीचा विचार फार पूर्वी केला आहे. जमिनीवर घडा दिसत नाही म्हणून घडा नाही, हे केव्हा म्हणता येते? घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. अंधारात न दिसणे हा अभावाचा पुरावा होत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. ऑन्टॉलॉजी लिहिण्याची आजची ओडब्ल्यूएल ही भाषाही याच बाजूची आहे. एखादे विधान नोंदींत सापडले नाही म्हणून ते खोटे, असा निष्कर्ष ती काढू देत नाही. झिजलेले बोट म्हणजे मशीनसाठी अंधार. बोट वाचण्याजोगे होते का, हे ज्या नोंदीत नाही, त्या नोंदीतल्या ‘नाही’ला मी पुरावा मानणार नाही.

ठशाची किंमत मात्र मी कमी लेखत नाही. लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि जमिनीला भाव आला की तोतया मालक उभा राहण्याची भीतीही येते. २००१ साली नोंदणी कायद्यात कलम ३२-अ आले आणि दस्तावर छायाचित्र व बोटांचे ठसे बंधनकारक झाले, ते मालकाच्या रक्षणासाठीच. पण इथेही एक भेद पाळावा लागतो. ठसा जुळला म्हणजे बोट तेच आहे, एवढे कळले. त्या माणसाला मजकूर समजला का, त्याने राजीखुशीने संमती दिली का, हे ठशात नसते. ‘वाचून दाखवले, मान्य आहे’ हा शेरा म्हणूनच स्वतंत्र लिहावा लागे. संमती ही स्वतंत्र क्रिया आहे आणि संगणकातही तिची नोंद स्वतंत्रच हवी.

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला, म्हणजे या व्यवस्थेची सुरुवात महाराष्ट्रातल्या एका गरीब आदिवासी गावापासून झाली. म्हणून तिच्या नोंदी नीट असाव्यात, हा आग्रह आपण अधिक हक्काने धरला पाहिजे. प्रत्येक तुलनेसोबत कोणते बोट, कोणते यंत्र, चित्राची प्रत कशी, मर्यादा किती आणि ती कोणी ठरवली, हे लिहिलेले असावे. ‘जुळले’ आणि ‘जुळले नाही’ यांच्या जोडीला ‘वाचता आले नाही’ हे तिसरे उत्तर असावे, आणि ते आले की ओळख पटवण्याचे पुढचे काम माणसाने करावे, आपले नाव घालून. ठसा न उमटण्याचा भार आज लावणी करणाऱ्या बाईवर पडतो. तो ठसा वाचणाऱ्या व्यवस्थेवर पडला पाहिजे, आणि कोणावर पडेल हे नोंदीचा आराखडा आखतानाच ठरून जाते.