सव्वीस रुपयांचें अन्न

सप्टेंबर २०११ मध्यें योजना आयोगानें सर्वोच्च न्यायालयांत शपथपत्र सादर केलें. त्यांत दरमाणशीं रोजचा खर्च शहरांत ३२ रुपये व खेड्यांत २६ रुपये, ही दारिद्र्याची रेषा सांगितली होती. अन्न, शिक्षण व औषध हीं त्यांतच. त्यावर देशभर गहजब झाला. त्याच सुमारास बंगळुरांतील दोन सुशिक्षित तरुणांनीं स्वतः तेवढ्यावर राहून पाहण्याचें ठरविलें, आणि अखेरीस केरळांतील एका खेड्यांत २६ रुपयांत भात, कंद, केळीं व कोरा चहा यांवर दिवस काढले. आमच्या वसमतकडील मजुरास हें ऐकून हंसूं येईल. जें तो रोज करितो त्याचा प्रयोग कसला?

तथापि ही गोष्ट हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. पोट अर्धें असतां मन अखंड अन्नाभोवतींच फिरतें, हें त्या तरुणांस कळलें. गरीब लोक पुढचा विचार करीत नाहींत, असें म्हणणाऱ्या धनवंतानें आठ दिवस तरी हा शिधा खाऊन पाहावा.

पण एवढ्यानें गरिबी कळली काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. प्रयोग करणाऱ्यास त्याचा शेवटचा दिवस ठाऊक असतो. शिवाय त्याच्या हातीं रोज सकाळीं नेमके २६ रुपये असतात. मजुराचे २६ रुपये ही निव्वळ सरासरी होय. हळद काढावयाच्या व शिजवावयाच्या दिवसांत हाताला काम असतें. तें सरलें म्हणजे कित्येक दिवस कांहींच नाहीं. मग दुकानांतून तेल घ्यावयाचें तें पावशेर, तेंही उधार. अख्खा डबा घेणाऱ्यास जें स्वस्त पडतें, तेंच त्यास महाग. आणि ऊसतोडीची उचल घेतलेली असली, तर पुढच्या हंगामाची मजुरी आधींच खाऊन झालेली.

याहूनही मोठा भेद आहे. एकट्या तरुणानें उपास काढला तर तो त्याचाच. घरांत पांच माणसें व चार भाकरी असतां कोणी कमी खावें, हें रोज कोणीतरी ठरवावें लागतें. बहुधा तें आईच ठरविते, आणि तेंही न बोलतां. धन्यास कामावर जावयाचें म्हणून त्यास दोन, लेंकरांस दोन. तिनें चुलीपाशीं बसून तव्याला लागलेलें खरडून, वर पाणी प्यावयाचें. मुलानें विचारलें, तर मघाशींच जेवलें म्हणून सांगावयाचें.