धोका आपला, किंमत कोणाची?

गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर एक बाई आम्हाला भेटायला आल्या. त्यांचा मुलगा दहा वर्षांपूर्वी आमच्या वर्गात होता. आता तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. लडाखमध्ये गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालत जाण्याचा त्याचा बेत आहे. "सर, तो तुमचं ऐकतो. त्याला समजवा. नदीवर कुणी चालतं का?" एवढे बोलून बाई रडू लागल्या.

रात्री आम्ही त्याला फोन केला. तो अदबीने बोलला, पण ठाम होता. "सर, जीव माझा, रजा माझी, पैसा माझा. मी कुणाचं काय वाईट करतोय?"

खरे सांगायचे तर त्या वेळी आम्हाला उत्तर सुचले नाही. मुलांना रोज प्रश्न विचारणाऱ्या माणसाला एका विद्यार्थ्याने गप्प केले. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

आमच्या खानदेशात पारा आठ अंशांवर उतरला की गल्लीगल्लीत शेकोट्या पेटतात आणि मुले स्वेटरवर स्वेटर घालून शाळेत येतात. यापलीकडची थंडी आम्ही मुलांना पुस्तकातूनच शिकवतो. काश्मीरच्या हिवाळ्याची नावे मात्र उर्दू शिकवणाऱ्याला परकी वाटत नाहीत. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ला-ए-कलां, म्हणजे मोठा चिल्ला. त्यानंतर वीस दिवस चिल्ला-ए-खुर्द, धाकटा. शेवटचे दहा दिवस चिल्ला-ए-बच्चा. नाव ठेवणाऱ्यांनी थंडीचेही एक कुटुंब बनवले आहे. थोरला सर्वांत कडक. २०२४ मध्ये त्याच्या पहिल्याच रात्री श्रीनगरचा पारा उणे ८.५ अंशांपर्यंत घसरला होता. डिसेंबरातली इतकी थंड रात्र तिथे सुमारे पन्नास वर्षांत आली नव्हती.

चिल्ला-ए-कलांमध्ये पडलेला बर्फ घट्ट होऊन डोंगरावर टिकतो. उन्हाळ्यात झरे, नद्या आणि बागांना पाणी मिळते ते त्याच्याच जोरावर. म्हणून हिवाळा कोरडा गेला की तिथला शेतकरी धास्तावतो. हा बर्फ आणणारे ढग भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी वाऱ्यांबरोबर येतात. हवामान खाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. ते वेळेवर आले नाहीत तर काय होते, हे जानेवारी २०२४ मध्ये दिसले. ऐन चिल्ला-ए-कलांमध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. आणि ते जोरात आले तर काय होते, हेही त्याच गुलमर्गने पाहिले आहे. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर हिमस्खलन होऊन पोलंडचे दोन स्कीपटू दगावले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी अशाच स्खलनात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला.

बर्फ असा का कोसळतो? जुन्या बर्फाचा वरचा थर कडक किंवा कमजोर झालेला असतो. त्यावर नवा बर्फ पडतो. वारा तो उचलून डोंगराच्या आडोशाच्या बाजूला आणखी साचवतो. वरून सगळे एकसंध दिसते, पण दोन थरांची पकड बसलेली नसते, ओल्या फरशीवर अंथरलेल्या सतरंजीसारखी. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर एका माणसाचे वजनही तो थर सुटायला पुरते. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सापडला तर जगण्याची आशा मोठी असते. पुढे ती झपाट्याने कमी होते. बाहेरून मदत येईपर्यंत ही वेळ बहुधा टळलेली असते, म्हणजे जवळ असलेल्या सोबत्यानेच उकरून काढावे लागते. आणि सर्वांत फसवा दिवस कोणता? भरपूर बर्फ पडून गेल्यानंतरचा निरभ्र, सोनेरी उन्हाचा दिवस. डोळ्यांना तो आमंत्रण देतो आणि डोंगर त्याच दिवशी सर्वांत नाराज असतो.

हे सगळे आम्ही नंतर वाचले. आधी वाचले असते तर बरे झाले असते. कारण या प्रश्नात आमचाही एक गुन्हा आहे.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही तिघे शिक्षक काश्मीरला गेलो होतो. गुलमर्गला पोचलो तेव्हा वाऱ्यामुळे गंडोल्याचा वरचा टप्पा बंद होता. एवढ्या लांब येऊन वर न जाता परतायचे, हे मनाला पटेना. एका स्लेजवाल्याला आम्ही खिलनमर्गच्या बाजूला चलण्यास सांगितले. त्याने अफरवटकडे पाहिले आणि म्हणाला, "साब, आज रहने दो. मौसम ठीक नहीं." आम्ही पैसे वाढवले. त्याने पुन्हा वर पाहिले. आम्ही आणखी दोनशे वाढवले. मग तो काही बोलला नाही. दोरी खांद्यावर घेतली आणि चालू लागला.

तासाभरात ढग खाली आले. आकाश आणि जमीन एकाच रंगाचे झाले. दोन हातांवरचा माणूस दिसेना. तो पुढे पायाने बर्फ चाचपत आणि आम्ही त्याची दोरी धरून मागे, असे आम्ही परतलो. आम्हाला काही झाले नाही. खाली आल्यावर आम्ही कहवा मागवला. त्याने ओले हातमोजे काढले तेव्हा त्याची बोटे पांढरी पडली होती. ती त्याने फेरनच्या आत कांगडीवर धरली आणि उलट आमचीच माफी मागितली, की साहेबांना खिलनमर्ग दाखवता आले नाही.

आमचा विद्यार्थी म्हणतो, "जीव माझा." त्या दिवशी आम्हीही मनात तेच म्हणत होतो. पण दोरी कोणाच्या खांद्यावर होती? त्याने होकार दिला होता, हे खरे. पण तो होकार कशाचा होता? हवामान त्याला आमच्यापेक्षा शंभर पटीने जास्त कळत होते. त्याचे ज्ञान नाही म्हणत होते, त्याची गरज हो म्हणत होती आणि आम्ही पैसे टाकून गरजेला जिंकवले. याला संमती म्हणायचे का? बाजारात याला सौदा म्हणतात. पण प्रत्येक सौदा इन्साफ असतोच असे नाही.

आता झंस्कारकडे वळू. नदीवर जमणाऱ्या बर्फाच्या थराला तिथे चादर म्हणतात. हिवाळ्यात खिंडी बंद झाल्या की झंस्कारच्या लोकांना लेहकडे जाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या हीच वाट होती. लोणी विकायला बाप या वाटेने जाई, शाळेत पोचवायला मुलांना याच वाटेने नेई. ही चादर रोज बदलते. निरभ्र, कडाक्याच्या रात्रीनंतर ती घट्ट होते. ढगाळ, उबदार दिवसांत पातळ होते आणि कुठे फुटून खालचे पाणी वर येते. वाटाडे काठीने ठोकून आवाज ऐकतात आणि पाऊल टाकतात. बर्फ फुटला असेल तर कड्यावर चढून वळसा घालतात किंवा मुकाट्याने थांबतात. २०२४ मध्ये निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता जोडला गेला. म्हणजे ज्यांची ती गरज होती, ते हळूहळू रस्त्याने जाऊ लागतील आणि चादरीवर उरतील ते शौकीन आणि त्यांचे ओझे वाहणारे.

तर मग जाऊच नये का? असे आम्ही म्हणणार नाही. स्लेजवाल्याचे घर आमच्यासारख्यांच्या शौकावरच चालते. सगळे घरी बसले तर त्याची चूल विझेल. शिवाय धोक्याशिवाय माणूस वाढत नाही, हे आम्ही वर्गात रोज पाहतो. पडण्याच्या भीतीने जो मुलगा झाडावर चढत नाही, त्याला उंची कधी कळत नाही. आईच्या भीतीलाही मान आहे, पण तिच्या भीतीने मुलाचे सगळे आयुष्य आखता येत नाही.

प्रश्न जाण्याचा नाहीच, प्रश्न परत फिरण्याचा आहे. ३१ डिसेंबर २०१४ रोजी फुगताल परिसरात दरड कोसळून झंस्कारला मिळणारी नदी अडली आणि मागे मोठे तळे तयार झाले. त्या हिवाळ्यात चादरीवरची भटकंती थांबवण्यात आली. अनेकांनी तेव्हा नाके मुरडली असतील, कारण महिनोन्‌महिने काही घडले नाही. ७ मे २०१५ रोजी तो बांध फुटला. पूल वाहून गेले, पण आधीच सावध केलेली माणसे वाचली. इशारा खरा ठरला नाही तर लोक त्याला हसतात आणि खरा ठरला तर विसरतात. तरी तो द्यावा लागतो आणि ऐकावाही लागतो.

आमच्याकडे तकदीर आणि तदबीर या दोन शब्दांवर वक्तृत्व स्पर्धा होतात. मुले टाळ्या घेतात. पण ज्या काळात माणसाला उद्याचे हवामान कळत नव्हते, त्या काळात वादळात सापडणे ही तकदीर होती. आज अंदाज हातातल्या फोनवर येतो. तो चुकू शकतो, पण तो पाहूनही पुढे जाणाऱ्याने झालेल्या अपघाताला नशीब म्हणू नये. जेवढे कळले, तेवढी जबाबदारी वाढली. आणि सोबत दुसरा माणूस असेल तर ती दुप्पट वाढली.

आम्ही त्या मुलाला पुन्हा फोन केला. जाऊ नको असे म्हटले नाही. तीन गोष्टी सांगितल्या. लेहला पोचल्यावर शरीराला उंचीची सवय होईपर्यंत थांब आणि डॉक्टर नाही म्हणाला तर वाद घालू नको. पुढे जायचे की नाही, हे वाटाड्याला ठरवू दे. आणि निघण्यापूर्वीच त्याला आणि ओझेवाल्यांना सांग की अर्ध्या वाटेवरून परत फिरलो तरी मजुरी पूर्ण मिळेल. ज्याची मजुरी पोचण्यावर अवलंबून आहे, तो खरे बोलू शकत नाही.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं." आम्ही म्हणालो, "आमच्याही आलं नव्हतं."

बाईंना आम्ही हे सगळे सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही. आईचे होऊही नये. त्यांनी एवढेच विचारले, "तो वाटाड्या, त्यालाही आई असेल ना?" आम्ही मान डोलावली. गुलमर्गच्या त्या माणसाला आम्ही ठरलेले पैसे दिले होते, एक रुपया कमी नाही. त्याचे नाव मात्र विचारले नव्हते. त्याचा हिशेब अजून आमच्याकडे बाकी आहे.