‘कसा होता?’च्या पुढचं

चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या माणसाला पहिली पाच मिनिटं काही विचारू नये, या मताची मी आहे. पण आपल्याकडे पार्किंगमध्ये गाडीला किल्ली लावायच्या आत ‘कसा होता?’ हा प्रश्न येतोच आणि विचारणाऱ्याला उत्तरही लगेच हवं असतं. मग माणूस तोंडाला येईल ते सांगून मोकळा होतो. बरा होता. एकदा बघायला हरकत नाही. सेकंड हाफ ताणलाय. गाणी मस्त आहेत. पैसे वसूल.

अशा उत्तरांना हलकं लेखायची रीत जाणकारांमध्ये आहे. मला ती पटत नाही. जातीबद्दल, पैशाबद्दल, मुलीच्या लग्नाबद्दल बोलताना माणूस जपून बोलतो, समोर कोण बसलंय ते पाहून बोलतो. चित्रपटाबद्दल बोलताना तो सैलावलेला असतो. दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीबद्दल आपण बोलतोय, अशी त्याची समजूत असते. म्हणूनच त्याच्या मनात खरोखर काय आहे, ते तिथे सापडतं. मला या सहज मतांविषयी आस्था आहे आणि त्यांचं आज जे होतंय त्याची काळजीही वाटते.

‘सैराट’चं उदाहरण घ्या. 29 एप्रिल 2016 ला तो लागला आणि पुढचे दोन-तीन महिने महाराष्ट्रात दुसरा विषय नव्हता. ‘झिंगाट’ सुरू झालं की लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचत. त्याच खेळाच्या शेवटी, वेगळ्या जातीतल्या मुलाशी पळून जाऊन लग्न केलेल्या आर्चीच्या घरी तिचा भाऊ माणसं घेऊन हैदराबादला येतो, सोबत माहेरच्या भेटवस्तू असतात, आर्ची चहा टाकते. मग शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं तिचं लेकरू परत येतं, आत जातं आणि रडत बाहेर येतं. त्याच्या पावलांचे लाल ठसे फरशीवर उमटत जातात. अजय-अतुलच्या संगीतानं भरलेल्या चित्रपटात तिथे आवाजच नाही.

बाहेर आल्यावर लोक काय बोलले, ते आठवा. कुणी म्हणालं, शेवट नको होता. कुणी म्हणालं, शेवटासाठीच तर सगळा पिक्चर आहे. आणि काही घरांतून, अगदी चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतून, एक मत हमखास ऐकू आलं: त्या दोघांनीही आईवडिलांचा थोडा विचार करायला हवा होता. हे म्हणणाऱ्याला सरळ विचारलं असतं, की पाटलाच्या मुलीनं मासे धरणाऱ्या घरातल्या मुलाशी लग्न केलं तर तिला मारावं का, तर तो संतापला असता, छे, असं कसं म्हणता, म्हणाला असता. आणि ते त्यानं मनापासून म्हटलं असतं. पण चित्रपटाविषयी बोलता बोलता त्यानं दोषाचा एक वाटा त्या दोघांच्या पदरात टाकून दिला होता. असली कबुली कोणत्याही पाहणीच्या कागदावर मिळत नाही.

‘दुसरा अर्धा भाग कंटाळवाणा’ या मताचंही तसंच. त्या भागात काय आहे? परक्या शहरातली झोपडपट्टी आहे, डोशाच्या गाडीवरचं काम आहे, बाटल्यांच्या कारखान्यातली नोकरी आहे, संशय आहे, भांडण आहे. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या आर्चीला पाणी भरावं लागतं. पहिल्या भागातलं प्रेम सगळ्यांना आपलं वाटलं. संसार मांडायला लागणारे कष्ट मात्र अनेकांना लांबण वाटले. ज्यांनी नव्या गावात भाड्याची खोली शोधली होती, त्यांना तोच भाग सगळ्यात खरा वाटला. माझ्या ओळखीतल्या, घर सोडून लग्न केलेल्या एका बाईंना त्यातलं एकही गाणं नीट आठवत नव्हतं. तो सार्वजनिक संडास पाहून आर्चीच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मात्र त्यांनी मला तपशिलानं सांगितलं.

असं सांगणं हेच मला चित्रपटावरचं सर्वात मोलाचं मत वाटतं. आमच्या गिरगावच्या चाळीत ते रोज चाले. 1991 मध्ये ‘माहेरची साडी’ आला, तेव्हा ज्या बायका दुपारच्या खेळाला जाऊन आल्या होत्या, त्या न गेलेल्यांना संध्याकाळी गॅलरीत बसून अख्खी गोष्ट सांगत. मांडीवर सूप, सुपात तांदूळ, बोटं खडे वेचतायत आणि तोंडानं अलका कुबलची लक्ष्मी चाललीय. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना सांगायची मोठी हातोटी होती. मारामारी, विनोदी माणसं, गाणी, हे सगळं त्या एका वाक्यात उडवत. लक्ष्मीच्या सासरच्या छळापाशी आल्या की त्यांची बोटं थांबत. सासू कशी बघते, लक्ष्मी पदर कसा सारखा करते, हे त्या बसल्या जागी करून दाखवत. ‘चांगला की वाईट’ हे त्यांना कुणी विचारत नसे, त्याची गरजही नव्हती. काय गाळलं आणि कुठे रेंगाळल्या, यातच त्यांचं मत येऊन जाई.

आणि कुठे रेंगाळल्या, हे त्या गॅलरीत बसलेल्या प्रत्येकीला कळत होतं. काकूंच्या स्वतःच्या सासूविषयी त्यांनी जन्मात कधी तक्रार केली नाही. लक्ष्मीच्या सासूविषयी मात्र त्या मनसोक्त बोलल्या. जाणत्या मंडळींनी विजय कोंडके यांचा हा चित्रपट रडका म्हणून बाजूला सारला होता. चित्रपट म्हणून त्याचे दोष मलाही दिसतात. पण गावोगावच्या बायका एकमेकींना सांगून, घोळक्यानं त्याला गेल्या. त्या नेमकं कशासाठी रडल्या, हे त्यांना नीट बसून विचारावं, असं तेव्हा फारसं कुणाच्या मनात आलं नाही. त्यांचं ‘खूप रडायला येतं, बघाच’ हे वाक्य जाहिरात म्हणून उपयोगी पडलं, मत म्हणून कुणी ऐकलं नाही.

बत्तीस वर्षांनी, 30 जून 2023 ला ‘बाईपण भारी देवा’ लागला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते आणि इतर चौघी. सुरुवात बेताची झाली आणि दुसऱ्या आठवड्यात गर्दी कमी व्हायच्या ऐवजी वाढली. ही किमया बायकांच्या एकमेकींना सांगण्याची. नऊवारी नेसून, गॉगल लावून भिशीच्या भिशी चित्रपटगृहात पोचल्या. बऱ्याच पुरुषांनी ‘बायकांचा पिक्चर’ म्हणून विषय मिटवला. मला मात्र पाहून आलेल्या बायकांचं बोलणं ऐकण्याजोगं वाटलं, कारण त्यात चित्रपट थोडा आणि वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या सख्ख्या बहिणी जास्त होत्या. एकीनं तर मध्यंतरातच धाकटीला फोन लावला.

सांगोवांगीची ही ताकद जुनी आहे. ‘शोले’ 15 ऑगस्ट 1975 ला लागला, तेव्हा चित्रपट-व्यवसायातल्या मंडळींनी तो पडला असं पहिल्याच दिवसांत जाहीर करून टाकलं होतं. निर्माते इतके हादरले की जयला जिवंत ठेवणारा नवा शेवट चित्रित करण्याचा विचार झाला. सुदैवानं त्यांनी थोडी वाट पाहिली. लोक पुन्हा येत होते, संवाद पाठ म्हणत होते. पुढे पॉलिडोर कंपनीनं नुसत्या संवादांच्या तबकड्या काढल्या आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. पहिल्या दोन दिवसांतली घाईची मतं खरी मानून शेवट बदलला असता, तर आज आपण कोणता ‘शोले’ पाहिला असता, कोण जाणे.

आता वाट पाहण्याची सोय उरलेली नाही. अमेरिकेत सिनेमास्कोर ही संस्था 1970च्या दशकाच्या अखेरीपासून प्रदर्शनाच्या रात्रीच प्रेक्षकांच्या हाती कार्डं देऊन ‘ए प्लस’पासून ‘एफ’पर्यंत श्रेणी गोळा करते. सोडरबर्गच्या ‘सोलारिस’ला 2002 मध्ये तिथे ‘एफ’ मिळाली. मरून गेलेली बायको समोर येऊन उभी राहिली तर काय करावं, या प्रश्नावरच्या चित्रपटाला त्याच रात्री नापास करून लोक घरी गेले. आपल्याकडे त्या कार्डाचं काम मोबाइलचा कॅमेरा करतो. सकाळचा पहिला खेळ सुटला की दारात कॅमेरे उभे असतात. 2024 च्या नोव्हेंबरात तमिळ निर्मात्यांच्या संघटनेनं चित्रपटगृहाच्या आवारात अशा प्रतिक्रिया घेऊ देऊ नका, असं मालकांना आवाहन केलं. लोकांनी बोलू नये म्हणून आवारं बंद करणं मला मुळीच मान्य नाही. तिकीट काढणाऱ्याचा तो हक्क आहे. पण कॅमेऱ्यासमोर माणूस त्या काकूंसारखा रेंगाळू शकत नाही, हेही तितकंच खरं. त्याला दहा सेकंदांत निकाल द्यायचा असतो. तारकांचं तसंच. पाचातल्या साडेतीन तारका दिल्या म्हणजे त्यानं काय पाहिलं, कुठे त्याचा हात थबकला, ते कुणाला कळणार?

यावर माझ्याकडे एक साधा उपाय आहे. ‘कसा होता?’चं उत्तर आल्यावर तिथेच थांबायचं नाही. ‘त्यातलं काय आठवतंय?’ एवढंच पुढे विचारायचं. माझ्या अनुभवात या दुसऱ्या प्रश्नानं अगदी रुक्ष माणसाचंही बोलणं बदलतं.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’विषयी असंच झालं. व्हेनिसमध्ये पुरस्कार, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, हे सगळं वाचून लोक 2015 मध्ये तो बघायला गेले आणि ‘फार स्लो आहे बुवा’ म्हणत परतले. ते चूक नव्हतं. वीरा साथीदारांनी उभा केलेला लोकशाहीर नारायण कांबळे. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगारानं गटारात उतरून जीव दिला, असा त्याच्यावर आरोप. तारीख पडते, साक्षीदार येत नाही, पुन्हा तारीख पडते. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील कलमं एकसुरी वाचत राहते आणि संध्याकाळी मुलाला घेऊन घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. कॅमेरा एका जागी बसून बघतो. शेवटाकडे न्यायालय रिकामं होतं, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. लोक चपला चाचपत उठू लागतात, आणि चित्रपट पुढे सुरू होतो, न्यायाधीशांच्या सुट्टीच्या सहलीत.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ जमिनीच्या दाव्यासाठी जिल्हा न्यायालयात वर्षानुवर्षं खेटे घालत होते. मुलानं त्यांना हा चित्रपट दाखवला. तेही आधी ‘हळू आहे’ म्हणाले. काय आठवतंय म्हटल्यावर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘तो पंखा. आणि तारीख मिळाल्यावर वकील लगेच दुसरी फाइल उघडतो ना, ते.’ मग त्यांनी स्वतःच्या दाव्याची हकीकत सांगितली. घरच्यांनी ती त्यापूर्वी एवढी सलग कधी ऐकली नव्हती. चित्रपटाचा संथपणा त्यांना दोष म्हणून जाणवला होता की स्वतःच्या आयुष्याची खूण म्हणून, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांचं पहिलं उत्तर घेऊन मुलगा गप्प बसला असता, तर त्या घरात एवढंच उरलं असतं की बाबांना असले पिक्चर आवडत नाहीत.

घरातल्या घरात ज्याविषयी बोलता येत नाही, तिथे चित्रपटाचा आडोसा फार उपयोगी पडतो. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’नं 2025 मध्ये सनडान्सला जागतिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळवला आणि सप्टेंबरात तो आपल्याकडे लागला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, त्याचा बालमित्र बाळ्या आणि त्या दोघांमधलं प्रेम. खेळ थोडे, तेही अडनिड्या वेळी. मी ज्या खेळाला होते, त्याला साठीच्या पुढच्या काही बायका आल्या होत्या. बाहेर पडताना त्यांच्यातली एक दुसरीला म्हणाली, ‘आई फार चांगली दाखवलीय.’

त्या चित्रपटातल्या आईला मुलाचं सगळं ठाऊक आहे आणि ती त्याच्या बाजूनं उभी आहे. लग्नाचं विचारणाऱ्या नातेवाइकांना तीच वाटेला लावते. त्या बाईंना दोन पुरुषांच्या प्रेमाविषयी बोलायचं असतं, तर शब्द कुठून आणायचे हा प्रश्न पडला असता. आईविषयी बोलायला त्यांना शब्द शोधावे लागले नाहीत. अशा आईला ‘चांगली’ म्हणणं म्हणजे पुष्कळ काही म्हणणं आहे, आणि ते त्यांनी भर जिन्यात, मैत्रिणीला, सहज म्हटलं. यावर तारका किती द्यायच्या?

त्याच महिन्यात ‘दशावतार’ला मात्र घराघरांतून गर्दी होती. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर त्यात बाबुली मेस्त्री हा दशावतारी नट झाले आहेत, आणि गोष्ट कोकणातल्या खाणीपर्यंत जाते. आमच्या इमारतीत सावंतवाडीकडचे एक आजोबा आहेत. ते नातवंडांबरोबर पाहून आले, तेव्हा मी त्यांना ‘कसा होता?’ विचारलंच नाही, थेट काय आठवतंय ते विचारलं. ते रंगपटापासून सुरू झाले. लहानपणी जत्रेत रात्रभर जागून पाहिलेले दशावतार, पहाटेपर्यंत चालणारं युद्ध, मग आंब्याची बाग, मग शेजारच्या गावात लाल झालेला ओढा, मग जमीन विकावी की ठेवावी यावरून दोन भावांत पडलेलं अंतर. मधेच नातू म्हणाला, ‘पण आजोबा, व्हीएफएक्स काही ठिकाणी कच्चं होतं.’ आजोबांनी ते मान्य केलं आणि पुन्हा खाणीवर आले. नातवानं विचारलं, ‘आपली जमीन अजून आहे का तिकडे?’ त्यावरून सातबारा कुणाच्या नावावर आहे हे निघालं, सूनबाईंनी चहा टाकला, आणि मुलानं टीव्हीचा आवाज बंद केला, कारण त्यालाही ते नीट माहीत नव्हतं.