पेशींचे देणे

नाशिकच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्राचे संशोधन करणारे विद्यार्थी नवनवी संयुगे तयार करतात. त्यांतले एखादे कर्करोगावर चालेल, ही आशा असते. मग ते संयुग प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर टाकून पाहावे लागते. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेने अशा चाचणीची सोय उभी केली. संयुगाच्या कमीजास्त मात्रा द्यायच्या आणि पेशींची वाढ किती थांबली ते मोजायचे. बहुतेक संयुगे इथेच बाद होतात.

पण या पेशी कोणाच्या, हे आपण क्वचितच विचारतो.

जगभर वापरल्या जाणाऱ्या 'हेला' पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या. पाच मुलांची आई. १९५१ साली बाल्टिमोरच्या रुग्णालयात तिच्या गर्भाशयमुखाच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता संशोधनासाठी घेतला गेला. त्याच वर्षी, वयाच्या ३१ व्या वर्षी ती वारली. पेशी मात्र आजही वाढत आहेत. घरच्यांना हे कळायला वीस वर्षांहून अधिक काळ गेला. त्या पेशी विकणाऱ्या एका कंपनीशी वारसांची तडजोड झाली ती २०२३ साली.

कोणी म्हणेल, लाखोंचे भले झाले ना? हेतू नेक होता. नेक हेतूचे मोल आम्हीही मानतो. परंतु आपल्या परंपरेने हक्कुल्लाह आणि हक्कुल इबाद असा भेद केला आहे. अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर तौबा आहे. बंद्याच्या हक्कात झाली तर आधी त्या बंद्याची माफी हवी. पुण्य दुसरीकडे केले म्हणून इथले देणे फिटत नाही.

इब्न सीनाने 'अल्-कानून'मध्ये औषध पारखण्याच्या अटी सांगितल्या. त्यांतली एक अशी, की पारख माणसाच्याच शरीरावर व्हावी. सिंहावर किंवा घोड्यावर दिसलेला गुण माणसाला लागू पडेलच असे नाही. अट खरी आहे. पेशी आणि उंदीर यांच्यानंतर शेवटी माणूस लागतोच. म्हणूनच दुसरी अट आपल्याला जोडावी लागते: त्या माणसाला विचारा.

विचारणे म्हणजे अंगठा घेणे नव्हे. पहिल्या टप्प्यातील चाचणी बहुधा किती मात्रा सोसते हे पाहण्यासाठी असते. रुग्ण बरा होईलच असे नाही. मालेगावच्या यंत्रमाग कामगाराला हे त्याच्या भाषेत, उर्दूत म्हणा की मराठीत, कोणी सांगितले का? २०१९ च्या नियमांनुसार रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देणे आणि वाचता न येणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदार असणे बंधनकारक आहे. कायदा झाला. तो पाळला जातो की नाही, हे रुग्णासोबत जाणाऱ्या शिकलेल्या भाच्या-पुतण्यांनी पाहायचे आहे.

आणि एक आपल्यालाही विचारू. चाचणीचे नाव काढताच आम्ही म्हणतो, 'आमच्यावर प्रयोग नको.' नकार देणे हा हक्कच आहे, तो कोणी हिरावू नये. पण तयार झालेली गोळी आम्ही बिनदिक्कत घेतो. ती कोणाच्या तरी शरीरावरून आलेली असते. समजून-उमजून दिलेला होकार ही सदका-ए-जारियाच्या तोलाची गोष्ट आहे. न विचारता घेतलेले शरीर हे कर्ज आहे. औषध दोन्हींतून तयार होते. म्हणून फरक प्रयोगशाळेत दिसत नाही, तो आपल्यालाच ठेवावा लागतो.