नरो वा किलोमीटरो वा

धर्मराजाचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. 'नरो वा कुंजरो वा' एवढं तोंडून गेलं आणि रथ धपकन खाली आला. तरी बरं, धर्मराजाला तो रथ विकायचा नव्हता. मला माझी स्कूटर विकायची होती.

स्कूटर जुनी, पण डिजिटल मीटरवाली. तीन वर्षं सोसायटीच्या फाटकाशी उन्हात उभी राहून तिच्या मीटरवरचे आकडे फिके होत गेले आणि एक दिवस पार नाहीसे झाले. उरली नुसती राखाडी पाटी. आपला वेग किती, हे मी मागून येणाऱ्यांच्या हॉर्नवरून ओळखू लागलो. पेट्रोल किती, हे गाडी गदागदा हलवून आणि कान लावून. नारळ पारखतात तसं. गाडी एकूण किती पळाली ते मात्र कळेनासं झालं, आणि त्याचं मला मुळीच दुःख झालं नाही.

भाचा गाडी बघायला आला. डोळ्यांवर मोठा काळा गॉगल. त्याने किल्ली फिरवली, मान वाकडी करून मीटरकडे पाहिलं, गॉगल काढला, परत घातला.

"मामा, किती पळालीय?"

"असेल तीस-पस्तीस हजार."

"तुम्ही म्हणता म्हणजे असेल. मीटर तेवढं नीट करून द्या."

आता, आकडा दिसत नाही म्हटल्यावर मी सांगितला तो अंदाज. अंदाजाला कोणी खोटं म्हणत नाही. पण शेवटचा आकडा मी पाहिला, तेव्हाच त्याने चाळीस हजार ओलांडले होते. हे मला त्या क्षणी आठवलं नाही, असं नाही. आठवलं, आणि मी ते नको असलेल्या आहेरासारखं हळूच बाजूला सरकवलं. अंदाज चुकायचाच, तर तो नेमका आपल्या फायद्याच्या बाजूलाच कसा चुकतो? भाजीवाल्याने पाच रुपये कमी परत दिले, तर ते तिथल्या तिथे कळतं. जास्त दिले, तर घरी पोचेपर्यंत मोजायला सवडच होत नाही.

नाना पेठेत मीटर दुरुस्त करणारा एक पोरगा सापडला. तो म्हणाला, "काका, नवीन मीटर टाकलं तर शून्यापासून चालू होईल." शून्यापासून! मला एकदम अध्यात्म सुचू लागलं. आत्मा तोच, देह नवा. मग मागल्या जन्मीचे किलोमीटर या जन्मी कशाला मोजायचे?

"पण खर्चात कशाला पडता?" पोरगा म्हणाला. "आकडे कुठं गेलेत? आहेत तिथंच आहेत. वरची फिल्म जळलीय."

त्याने समजावलं ते असं. दोन काचांच्या मध्ये द्रवरूप स्फटिक असतात. १८८८ साली रायनिट्झर नावाचा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या कोलेस्टेरॉलवर प्रयोग करत असताना ते पहिल्यांदा ध्यानात आले. (हे मात्र पोऱ्याने नाही, मी घरी येऊन वाचलं. गाजराने चांगलं दिसतं म्हणतात, ते अगदीच खोटं नसावं.) हे स्फटिक प्रकाशाला पीळ देतात, पण तो पीळ आपल्या डोळ्यांना दिसायला काचेच्या पुढे आणि मागे पोलराइझर नावाची फिल्म लागते. ऊन आणि दमट हवा यांनी पुढची फिल्म निकामी होते. आत आकडा इमाने इतबारे उमटतच असतो, बाहेर दिसत नाही इतकंच.

पोऱ्याने नव्या फिल्मचा तुकडा मीटरसमोर धरून फिरवला. काही नाही. आणखी थोडा फिरवला, आणि ५८,४१२ असा आकडा दत्त म्हणून उभा राहिला.

"असल्याच फिल्मचा गॉगल कुणी घातला ना, काका, आणि मान जरा वाकडी केली, तर त्याला सगळं दिसतं."

माझ्या पोटात गोळा आला. ती वाकडी मान! तो काढलेला आणि परत घातलेला गॉगल!

"विकायची आहे का?" पोऱ्याने आवाज उतरवला. "आत चिपमध्ये आकडा असतो. पाहिजे तो टाकून देतो. वीस? पंचवीस?"

या खोट्याला निदान दरपत्रक तरी होतं. माझं फुकटचं होतं. मी नको म्हणालो. पण ते कशाच्या जोरावर? भाच्याने आकडा आधीच पाहिला असेल, तर आता खरं बोलण्यात माझी कसली पुण्याई? चोराने पोलीस दिसल्यावर पाकीट परत करावं, तसंच ते. आणि त्याने पाहिला नसेल तर? तर मला चांगलं वागण्याची एक संधी उरत होती. मात्र ती आहे की नाही, हे फक्त तो गॉगल जाणे.

पोऱ्याने जुनी फिल्म ब्लेडने सोलली, डिंक स्पिरिटने पुसला आणि नवी चिकटवली. पहिल्यांदा ती काटकोनात फिरली, तेव्हा काळ्यावर पांढरे आकडे आले. सोलून पुन्हा लावली. तीनशे रुपये झाले.

रविवारी भाचा आला. मी गाडीजवळ जाण्याआधीच म्हणालो, "अरे, माझा अंदाज चुकला. मुळात तो अंदाज नव्हताच. अठ्ठावन्न हजार झालेत. चार हजार कमी दे."

"हो का?" तो म्हणाला. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. डोळे तर गॉगलमागे. पैसे मोजून दिल्यावर त्याने किल्ली घेतली आणि सहज विचारावं तसं विचारलं,

"मामा, ॲव्हरेज किती देते?"

हे काही आमच्या मीटरवर येत नाही. तरी उत्तर देण्याआधी मी त्याच्या मानेकडे नीट बघून घेतलं.